वाऱ्याच्या मशीनचे दोन कार्बोरेटर

सिनेमात वारा सुटला की लोकांना बरं वाटतं. नायिकेचा पदर उडतो, केस उडतात, गाणं रंगात येतं. मी मात्र अजूनही खुर्चीचा हात घट्ट धरते आणि कान टवकारून बसते. शेजारच्या बायकांना वाटतं, म्हातारीला सिनेमाचं भलतंच वेड आहे.

पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. गोरेगावला एका स्टुडिओच्या मागच्या अंगाला कामगारांची बैठी चाळ होती, तिथे आम्ही दोघं राहायचो. मी स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची आणि आमचे हे वारा सोडायचे. 'मिस्टर काय करतात?' असं कुणी विचारलं तर मी 'मेकॅनिक आहेत' एवढंच सांगायची. खरं सांगितलं की माणसं तोंडाला रुमाल लावून हसायची, आणि मला हसणाऱ्या माणसांचा फार लवकर राग यायचा. तो अजूनही येतो.

ह्यांचं मशीन म्हणजे मोडीत निघालेल्या लष्करी लॉरीचं सहा सिलिंडरचं इंजिन. ते लोखंडी गाड्यावर बसवलेलं होतं आणि त्याच्या तोंडाशी माणसाहून उंच लाकडी पंखा. पंख्याला पुढून जाळी होती, मागून काही नव्हतं. मागे कार्बोरेटर, पेट्रोलची टाकी आणि आमचे हे. पंखा मागची हवा ओढून पुढे फेकायचा, म्हणजे ह्यांच्या अंगावरून जाणारी हवाच पुढे जाऊन वादळ व्हायची. लग्न होऊन आले तेव्हा हे मशीन मला ह्यांनी मोठ्या हौसेने दाखवलं होतं. मी त्या पात्याकडे एकदा बघितलं आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

त्या वर्षी एका मोठ्या बोलपटाचं काम निघालं. त्यात कोळ्यांच्या वस्तीवर वादळ येतं असा प्रसंग होता. डायरेक्टरना वारा हळूहळू वाढत जाऊन छपरं उडेपर्यंत न तोडता हवा होता, एकाच दमात. जुन्या इंजिनाच्या अंगात तेवढा जोर नव्हता. ह्यांनी ते उघडलं, हेड घासून आणलं, व्हॉल्व्ह मोठे बसवले. इंजिनाची भूक वाढली, पण त्याला भरवणारा हात तोच राहिला. कार्बोरेटर म्हणजे काय तर पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारं भांडं, हे मी ह्यांच्याकडूनच शिकले होते. जुनं भांडं आता पुरेना. वारा भरात आला की इंजिन दम टाकायचं.

हे तर पहिल्यापासून सांगायचे की सहा सिलिंडरला एक कार्बोरेटर म्हणजे लांब पंगतीला एकच वाढपी. मधल्या पानांवर आमटी, टोकाच्या पानांवर नुसतं पाणी. दोन हवेत, पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना एक. जेवताना हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

एका रविवारी आम्ही मुलुंडला माझ्या भावाकडे गेलो होतो. परत येताना कुर्ल्याला एका भंगारवाल्याच्या गाळ्यात शिरलो. त्याच्याकडे दोन्ही होतं. कुठल्याशा विलायती मोटारीची दोन कार्बोरेटरांची जोडी, आणि जड लॉरीचा एक मोठा, घागरीएवढ्या तोंडाचा. ह्यांनी जोडी हातात घेतली. झडपा उघडल्या, मिटल्या, फडक्याने पुसल्या. मला वाटलं, झालं, आता हे पोरासारखे खूश होणार. पण त्यांनी ती जोडी खाली ठेवली आणि तो मोठा घेतला.

"अहो, ती जोडी का नाही घेतली?" मी रस्त्यात विचारलं. ते माझ्या एक पाऊल पुढे चालत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. रागावले असतील म्हणून मीही गप्प बसले. घरी पोचेपर्यंत माझाही राग चढला होता.

तो मोठा कार्बोरेटर आमच्या इंजिनाला मानवला नाही. एकदम उघडला की चांगला जोर यायचा, पण हळू उघडला की इंजिन खाकरायचं, धक्के द्यायचं, मागे फाडकन आवाज व्हायचा. आत पेट्रोल सोडणारे जेट बदलले, लहान लावले, मोठे लावले. हे स्पार्क प्लग काढून आणायचे आणि खिडकीच्या उजेडात धरायचे. प्लगच्या टोकाला भाजलेल्या रव्याचा रंग आला की पेट्रोल बरोबर. मधले प्लग तसे यायचे. टोकाचे पांढरे पडायचे, म्हणजे ते सिलिंडर उपाशी. शेवटी स्टुडिओचे मॅनेजरच कंटाळले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी कुर्ल्याहून ती जोडी मागवली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "तूच म्हणायचास ना रे, दोन पाहिजेत? घे. आता झकास वादळ दे."

ह्यांनी जोडी बसवली आणि त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं.

माझ्या काही लक्षात येईना. एके दिवशी दुपारी हे डबा विसरून गेले, तो द्यायला मी पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पातं काढून ठेवलं होतं, इंजिन सावकाश चालू होतं. हे माझ्याकडे पाठ करून उभे होते. हातात हातभर रबरी नळी. दोन कार्बोरेटर जुळवायचे म्हणजे दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर तीन सिलिंडर माजतात आणि तीन खोकतात. त्यासाठी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाला. आत हवेचा सूं आवाज येतो. दोन्हीकडचा सूं एकसारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. ह्यांनी नळी डाव्या कानाला लावली, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. मग नळी टाकून स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक कार्बोरेटरला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली, जणू दातांनीच ऐकायचं होतं.

"अहो," मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग मी समोर जाऊन उभी राहिले.

तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. लहान मूल गर्दीत हरवल्यावर आधी रडत नाही, नुसतं इकडेतिकडे बघतं, तसे ते माझ्याकडे बघत होते. किती तरी गोष्टी माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसल्या. हाक मारल्यावर न येणं, रस्त्यात उत्तर न देणं, रेडिओ लावायचं सोडणं. हा माणूस हट्टी आहे म्हणून मी इतके महिने भांडत होते आणि ह्यांना ऐकूच येत नव्हतं. ज्या मशीनवर आम्ही जेवत होतो त्याच मशीनने ह्यांचे कान खाल्ले होते.

ह्यांनी नळी उचलली आणि माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून ते काम करायला लागलो. दुपारच्या सुट्टीत बाकीची माणसं जेवून पिंपळाखाली आडवी व्हायची. मी डबा घेऊन शेडमध्ये जायची आणि आम्ही पत्र्याचं दार ओढून घ्यायचो. नळी कानाला लावायची आणि ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवायची. पुढचा जास्त ओढत असेल तर एकदा दाबायचं, मागचा जास्त असेल तर दोनदा. हे स्क्रू फिरवायचे. आधी मला दोन्ही सूं सारखेच वाटायचे. मग हळूहळू फरक कळायला लागला. एक स्टोव्ह पेटायच्या आधी फुसफुसतो तसा, दुसरा त्याहून जाड. शिवणाऱ्या बाईचा कान तसा बरा असतो, मशीनचा टाका चुकला की तिला डोळ्यांआधी कानाने कळतं.

पण मला भीती वाटायची. सरळ सांगते, मी त्या शेडमध्ये एकदाही न भिता उभी राहिले नाही. पात्याशिवाय जुळवलेलं पात्यासकट जुळत नाही, म्हणून हे पातं परत चढवायचे. मग मी पदर कमरेला खोचायची, वेणीचा अंबाडा घट्ट बांधायची आणि तरी मान आखडून उभी राहायची. पात्याची हवा पाठीवरचं पोलकं ओढायची. दुसऱ्या कानात कापसाचा बोळा असायचा, कारण ह्यांचे गेले तसे माझेही जातील हे भय होतंच. पेट्रोलच्या वासाने जेवण जायचं नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दार उघडून कुणी आत आलं तर काय, ही धास्ती. कान गेलेला माणूस पंख्यावर कोण ठेवणार? नोकरी गेली की खोलीही गेली, खोली स्टुडिओचीच होती.

"आपण डॉक्टरला दाखवू," मी म्हटलं. आता मी त्यांच्या समोर उभी राहूनच बोलायची. "अंधेरीला कानाचे चांगले डॉक्टर आहेत."

"आणि जिना चढताना कुणी बघितलं तर?" ते म्हणाले. "खाली बोर्ड आहे कानाचा एवढा मोठा. वादळ होऊ दे. मग बघू."

चाळीत शेजारी एक मालवणकडची बाई राहायची. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "काय गो, रोज दुपारचो वारो खावक जातंस?" ती नळावर सगळ्यांसमोर मला म्हणाली. बायका खिदळल्या. मीही लाजल्यासारखं केलं. दार लावून नवराबायको काय करतात याबद्दल त्यांनी हवं ते समजावं, मला ते चालणार होतं. खरं काय ते समजायला नको होतं.

वादळाच्या दिवसासाठी ह्यांनी एक युक्ती काढली. पूर्वी डायरेक्टरचा असिस्टंट 'वारा!' म्हणून ओरडायचा. ह्यांनी सांगितलं की नवीन इंजिनाच्या आवाजात ओरडणं कळत नाही, तेव्हा रुमाल वर धरा आणि वारा हवा तेव्हा खाली करा. कुणाला संशय आला नाही. उलट मॅनेजर म्हणाले, ही पद्धत चांगली आहे. मी कपडेपटाची म्हणून मैदानावर असणारच होते. मी अशा जागी उभं राहायचं ठरलं की मला दोन्ही कार्बोरेटर दिसतील. काही बिघडलं तर मी दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे, हे लगेच इंजिन बंद करतील. घरी आम्ही त्याची तालीमसुद्धा केली. त्यात एक चूक होती, पण ती दोघांपैकी एकालाही दिसली नाही. ह्यांना डोळे दोनच होते आणि बघायच्या जागा दोन झाल्या होत्या.

त्या दिवशी दिंडोशीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर गवताच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. नायिका एका झोपडीच्या दारात उभी. मी तिच्या निऱ्यांना शेवटची टाचणी लावून माझ्या जागी गेले. मशीन सावकाश चालू होतं आणि खरं सांगायचं तर फार सुरेख चालू होतं. सहाही सिलिंडर एका लयीत. तो सूर मी लावला होता. एवढ्या भीतीतही क्षणभर माझा ऊर भरून आला.

सगळीकडे सामसूम झाली. असिस्टंटने रुमाल वर धरला. ह्यांचे डोळे रुमालावर, हात वाऱ्याच्या दांड्यावर.

तेवढ्यात मला चर्र असा आवाज आला. तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. मागच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं. टाकीतला काही कचरा आत अडकून पेट्रोल अडवणारी सुई मिटली नसावी, असं नंतर ह्यांनीच सांगितलं. थेंब खालच्या तापलेल्या नळकांड्यावर पडत होते. मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. हे रुमालाकडे बघत होते. थेंब पडला तिथे एक निळी जीभ उठली, बोटभर. पंखा पुढे, झोपड्या त्याच्यापुढे. आता वारा सोडला तर ती आग झोपड्यांत जाणार हे मला लख्ख दिसलं.

"अहो!" मी ओरडले. मैदानावरचे सगळे पुरुष वळले. आमचे हे वळले नाहीत, आणि आमच्या मधे तो गाडा आणि ती आग होती. "अहो, बंद करा!"

मग मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. आमच्या घरात बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती. ते मी बेंबीच्या देठापासून, नुसतं, एकेरी, भर मैदानात ओरडले. आणि पुन्हा ओरडले.

असिस्टंट दचकून माझ्याकडे वळला आणि वळताना त्याचा हात खाली आला. हातात रुमाल होता.

ह्यांनी वारा सोडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आगीचा एक लांब पट्टा पंख्यातून गेला आणि पहिल्या झोपडीचं छप्पर उडण्याऐवजी पेटलं. नायिकेला कुणीतरी कमरेला धरून उचललं आणि बाजूला नेलं. तिच्या पदराला झळसुद्धा लागली नाही, ही देवाची कृपा. ह्यांना धूर दिसला तेव्हा कळलं. त्यांनी उघड्या हाताने तापलेली पेट्रोलची तोटी बंद केली. वाळूच्या बादल्या घेऊन माणसं धावली. एक झोपडी गेली, माणूस कुणी गेलं नाही. पुढे सिनेमात तेच दृश्य ठेवलं म्हणे. मी तो बघितला नाही.

ह्यांच्या तळव्याला कुणी मलम लावत होतं तेव्हा मॅनेजर मला बाजूला घेऊन गेले. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते हळू बोलले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "बाई, तुम्ही ज्या आवाजात ओरडलात तो मला पार तिकडे कॅमेऱ्याच्या मागे ऐकू आला," ते म्हणाले. "तुमचा नवरा तुमच्यापासून चार हातांवर होता." मी खाली बघत राहिले. "पंख्यावर आता तो नको. मशीन बंद ठेवू. दुसरं काही काम आहे का ते बघतो, पण शब्द देत नाही. तुम्हीच सांगा त्याला. मला सांगताना ओरडावं लागेल, ते बरं दिसणार नाही."

संध्याकाळी हे दारात माझ्याकडे पाठ करून बसले होते. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हाताने कार्बोरेटरची ती सुई पुसत होते. मी कंदील लावला. समोर जाऊन सांगायचं धैर्य मला होईना. म्हणून मी त्यांच्या पाठीला सांगितलं. "मॅनेजर म्हणाले, पंख्यावर आता तुम्ही नको." सुई पुसणं चालूच राहिलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या खोलीतलं भांडी घासणं थांबलं. मालवणची बाई दारात आली, तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडातून अक्षर न काढता आत गेली. तिचं ते गप्प होणं मला खिदळण्यापेक्षा जड गेलं.

थोड्या वेळाने हे आपणहून वळले. "काय गं," ते म्हणाले, "मघाशी तिथे तू काय ओरडत होतीस? सगळे तुझ्याकडेच बघत होते."

मी कंदील उचलून माझ्या तोंडाजवळ धरला, म्हणजे ओठ नीट दिसतील. आणि त्यांचं नाव घेतलं.

ते आधी बघतच राहिले. मग लाजले. मग इतके हसले की दुखरा हात त्यांनी छातीशी धरला. "माझं नाव? तू?" ते म्हणाले. "सगळ्यांच्या देखत?"

मी मान हलवली.

"मॅनेजरपण होते?"

मी मान हलवली.

"पार तिकडे कॅमेऱ्याजवळ?" ते अजून हसत होते. "तिथपर्यंत ऐकू गेलं?"

मी पुन्हा मान हलवली. ह्यांचं हसणं मग आपोआप थांबलं. त्यांनी हातातली सुई जपून फडक्यात गुंडाळली, आणि मॅनेजर काय म्हणाले ते त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.